वाळू किती, हे आधी मोजावे
शाळेची मत्स्यटाकी आणि देवासची गाळणी : गणिताचा एक उपयुक्त पाठ

माळव्याच्या पठारावर इंदूरच्या दोन बाजूंस वसलेली धार व देवास ही शहरे मराठी वाचकास इतिहासातून परिचित आहेत. दोन्ही ठिकाणी पवार घराण्याची संस्थाने होती. देवासला तर थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदत होती. १९४८ साली ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली आणि १९५६ पासून हा प्रदेश मध्य प्रदेश राज्यात आहे.

पाण्याच्या बाबतीत मात्र या दोन शहरांची ख्याती निरनिराळी आहे. धार हे जुन्या काळापासून तलावांचे गाव. मुंज सागर, देवी सागर यांसारख्या तलावांमुळे ‘साडेबारा तलावांची नगरी’ असे त्याचे वर्णन लोक करीत आले. याउलट देवासचे जुने तलाव कालांतराने बुजत गेले. कारखाने व वस्ती वाढली, कूपनलिका खोल खोल जाऊ लागल्या, आणि १९९० च्या उन्हाळ्यात इंदूरहून आगगाडीने पाणी आणून देवासकरांची तहान भागविण्याची वेळ आली. गावाच्या डोक्यावर पडणारा पाऊस वाहून जातो आणि गावाला पाणी मात्र रुळांवरून येते, ही स्थिती विचार करावयास लावणारी होती.

या अनुभवातून पुढे देवास जिल्ह्यात भूजल पुनर्भरणाची योजना हाती घेण्यात आली. छतावरचे पावसाचे पाणी नळीने खाली आणावे, ते गाळून घ्यावे आणि घरच्याच कूपनलिकेत सोडावे, अशी ती कल्पना. पाणी गाळण्यासाठी त्या वेळचे जिल्हाधिकारी श्री. मोहन राव व ग्रामीण अभियांत्रिकी सेवेचे अभियंते यांनी एक साधी गाळणी तयार केली. ‘देवास गाळणी’ किंवा ‘देवास फिल्टर’ या नावाने ती देशभर माहीत झाली. प्लॅस्टिकची एक नळी आणि तिच्यात भरलेले तीन आकारांचे बारीक गोटे, एवढेच तिचे साहित्य.

ही गाळणी तयार करताना जो प्रश्न पडतो, तोच प्रश्न शाळेत मासे पाळण्याची काचेची टाकी मांडणाऱ्या शिक्षकांनाही पडतो. वाळू वा गोटे आणावेत तरी किती? बहुधा याचे उत्तर अंदाजाने दिले जाते. ‘दोन घमेली पुरे होतील’, ‘एक पोते आणून ठेवा’, अशी ती उत्तरे असतात. प्रत्यक्षात हे प्राथमिक शाळेतील घनफळाचे गणित आहे, आणि ते चुकले तर काचेच्या टाकीतील मासे मरतात व नळीतल्या गाळणीतून गढूळ पाणी कूपनलिकेत उतरते. हे गणित कसे करावे, ते या पाठात क्रमाने पाहू.

वाळूचे काम कोणते?

मत्स्यटाकीच्या तळाशी पसरलेली वाळू शोभेसाठी असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. वाळूत पाणवनस्पतींची मुळे रुजतात, हा तिचा एक उपयोग. दुसरा व अधिक महत्त्वाचा उपयोग डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. वाळूच्या कणाकणावर सूक्ष्म जंतू वस्ती करतात. त्यांतील काही जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात व दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी असून वनस्पती ते खत म्हणून घेतात. म्हणजे वाळूचा थर हा टाकीचा जणू सफाई कामगारच होय.

वाळूच्या या गुणाचा उपयोग माणसाने स्वतःच्या पिण्याच्या पाण्यासाठी फार पूर्वीच करून घेतला. स्कॉटलंडमधील पेझ्ली येथे जॉन गिब याने १८०४ साली वाळूची गाळणी उभारली. लंडनमध्ये जेम्स सिम्प्सन याने १८२९ साली चेल्सी येथील पाणीपुरवठ्यासाठी मोठी वाळूगाळणी बांधली. वाळूच्या थराचे मोल जगाला खऱ्या अर्थाने पटले, ते १८९२ साली. त्या वर्षी जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात पटकीची साथ आली आणि आठ हजारांहून अधिक माणसे दगावली. हॅम्बुर्ग एल्ब नदीचे पाणी न गाळता पीत असे. त्याला लागूनच असलेले आल्टोना हे गाव त्याच नदीचे पाणी हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाने, म्हणजे शहराची घाण मिसळल्यानंतर, उचलीत असे. परंतु ते पाणी वाळूच्या थरातून गाळून घेतले जाई. आल्टोनात साथीने फारच थोडे बळी घेतले. दोन्ही गावांची सीमा एक आणि नदीही एकच. दोहोंत फरक होता तो वाळूच्या थराचा.

मात्र हे काम वाळूचा थर योग्य जाडीचा असेल तरच होते. मत्स्यटाकीत थर फार पातळ असला, तर मुळे धरत नाहीत आणि जंतूंना पुरेशी जागा मिळत नाही. थर फार जाड असला, तर खालच्या भागात प्राणवायू पोचत नाही. तेथे अन्नकण कुजतात, वाळू काळी पडते व ती हलविताच कुजक्या अंड्यासारखा वास येतो. हा वायू माशांना घातक असतो. म्हणून ‘जास्त झाली तरी काय बिघडले?’ हा विचार येथे उपयोगी पडत नाही.

मोजणीचे मूळ सूत्र

वाळू लिटरमध्ये मोजता येते, तशी किलोग्रॅममध्येही. टाकी भरते ती लिटरने, आणि बाजारातून वा ओझ्यावरून हिशेब होतो तो किलोने. म्हणून दोन पायऱ्यांनी जावे.

पहिली पायरी : टाकीच्या तळाची आतील लांबी व आतील रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजावी. वाळूच्या थराची जाडी सेंटिमीटरमध्ये ठरवावी. या तिन्ही संख्यांचा गुणाकार म्हणजे घन सेंटिमीटर. त्यास १,००० ने भागले की लिटर मिळतात.

दुसरी पायरी : एक लिटर वाळूचे वजन काढावे व त्याने लिटरच्या संख्येस गुणावे.

कोरड्या नदीच्या वाळूचे वजन दर लिटरला सुमारे १.६ किलोग्रॅम भरते. बारीक गोट्यांचे साधारण दीड किलोग्रॅम. परंतु प्रत्येक नदीची वाळू सारखी नसते, म्हणून हा आकडा पाठ करण्यापेक्षा विद्यार्थ्यांकडून काढून घेणे अधिक चांगले. लिटरचे माप कोरड्या वाळूने शिगोशीग भरावे, पट्टीने वरची वाळू सारखी करावी, तराजूवर वजन करावे आणि त्यातून मापाचे वजन वजा करावे. असे तीनदा करून सरासरी घ्यावी. वाळूच्या दाण्यांत मोकळी जागा किती, हेही याच वेळी कळते. मापातल्या वाळूत ती ओली होऊन पाणी वर दिसू लागेपर्यंत मोजून पाणी ओतावे. एक लिटर वाळूत साधारण ३५० ते ४०० मिलिलिटर पाणी सामावते. वाळू भरलेले माप ‘भरलेले’ दिसत असले, तरी त्यातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जागा रिकामीच असते.

काचेच्या टाकीचे उदाहरण

शाळेत सोयीची असणारी टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व ३६ सेंटिमीटर उंच आहे, असे समजू. पाणवनस्पती लावावयाच्या असल्याने वाळूचा थर सरासरी ५ सेंटिमीटर ठेवावयाचा आहे.

६० × ३० × ५ = ९,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ९ लिटर.
९ × १.६ = १४.४ किलोग्रॅम.

म्हणजे ९ लिटर अथवा सुमारे साडेचौदा किलो कोरडी वाळू पुरे. धुताना बारीक गाळ निघून जातो. त्यासाठी दहा टक्के जास्त धरून १० लिटर, म्हणजे १६ किलो, आणावी.

थर सपाट ठेवण्यापेक्षा मागील बाजूस उंच व पुढे उतरता ठेवणे चांगले. त्यामुळे घाण पुढे जमते व नळीने ओढून काढता येते. उतरत्या थराचा हिशेब करण्यास वेगळे सूत्र लागत नाही. पुढची जाडी ३ सेंटिमीटर आणि मागची ७ सेंटिमीटर असेल, तर ३ + ७ = १०, त्याचे निम्मे ५. ही सरासरी जाडी धरून वरचेच गणित लागू होते. वनस्पती लावावयाच्या नसतील, तर सरासरी ३ सेंटिमीटरचा थर पुरतो.

निरनिराळ्या आकारांच्या टाक्यांसाठी तयार हिशेब पुढीलप्रमाणे आहे. कोरड्या वाळूचे वजन दर लिटरला १.६ किलो धरले आहे.

४५ × ३० सेंमी तळ, ४ सेंमी थर : ५.४ लिटर, ८.६ किलो
६० × ३० सेंमी तळ, ५ सेंमी थर : ९ लिटर, १४.४ किलो
९० × ४५ सेंमी तळ, ५ सेंमी थर : २०.२५ लिटर, ३२.४ किलो
१२० × ४५ सेंमी तळ, ५ सेंमी थर : २७ लिटर, ४३.२ किलो

काच कापणारे कारागीर अद्याप पुष्कळदा फूट व इंचात बोलतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकीत दोन इंच थर हवा असेल, तर दोन इंच म्हणजे फुटाचा सहावा हिस्सा. २ × १ × १/६ = १/३ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर असतात. त्याचा तिसरा हिस्सा साधारण ९.४ लिटर. सेंटिमीटरने काढलेल्या ९ लिटरच्या जवळच हे उत्तर येते. तसे ते आले नाही, तर कोठे तरी चूक झाली असे समजावे.

वाळूच्या हिशेबाबरोबर आणखी दोन गोष्टी सुटतात. पहिली म्हणजे टाकीत पाणी नेमके किती आहे, ही. तळापासून ३२ सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरले, तर ६० × ३० × ३२ म्हणजे ५७.६ लिटर जागा होते. तीत ९ लिटर वाळू आहे. पण वाळूतील पोकळीतही पाणी शिरतेच. पोकळी ४० टक्के धरली, तर वाळूच्या दाण्यांनी व्यापलेली जागा ५.४ लिटर. म्हणून प्रत्यक्ष पाणी ५२.२ लिटर. आजारी माशांसाठी पाण्यात औषध टाकताना हाच आकडा धरावा. दुसरी गोष्ट ओझ्याची. ५२ किलो पाणी व १४ किलो वाळू मिळून ६६ किलो होतात. काच व दगड धरता हे ओझे ७५ ते ८० किलोवर जाते. म्हणून टाकी वर्गातील डुगडुगत्या मेजावर ठेवू नये आणि भरल्यानंतर ती उचलण्याचा प्रयत्न तर कधीही करू नये.

ओल्या वाळूची फसगत

येथवर कोरड्या वाळूचा हिशेब झाला. नदीकाठाहून येणारी वाळू बहुधा दमट असते, आणि तेथे मापाची फसगत होते. दमट वाळूच्या दाण्यांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो व तो दाण्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. त्यामुळे वाळू फुगते. वजनाने शेकडा पाच इतके पाणी असेल, तर वाळूचे आकारमान शेकडा २० ते ३० पर्यंत वाढू शकते. बांधकामावरील गवंड्यांना हा अनुभव नित्याचा असतो. गंमत अशी की, हीच वाळू पाण्यात पूर्ण बुडाली की तिचा फुगवटा नाहीसा होतो व ती कोरड्या वाळूएवढीच जागा घेते. म्हणून दमट वाळू मापून टाकीत घातली, तर पाणी भरल्यावर थर ठरविल्यापेक्षा पातळ झालेला दिसतो.

फुगवटा किती, हे शाळेतच मोजता येते. सरळ बाजूंच्या काचेच्या बरणीत दमट वाळू न दाबता २० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरावी. ती काढून घ्यावी. बरणी निम्मी पाण्याने भरावी आणि तीच वाळू हळूहळू परत घालून काठीने ढवळावी. वाळू तळाशी बसल्यावर उंची १६ सेंटिमीटर भरली, तर घट ४ सेंटिमीटर. ४ भागिले १६ म्हणजे फुगवटा २५ टक्के. अशा वाळूचे ९ लिटर खरे हवे असतील, तर मापाने ११.२५ लिटर घ्यावे लागतील.

कोणती वाळू घ्यावी?

वाळूचे परिमाण ठरले, तरी तिचा गुण पाहणे राहतेच. दाणा फार बारीक असेल, तर थर घट्ट बसतो व पाणी खेळत नाही. फार जाड असेल, तर अन्नकण फटींत पडून कुजतात. दोन ते तीन मिलिमीटरचा दाणा मत्स्यटाकीस सोयीचा. चाळणीने चाळून तो वेगळा करता येतो.

वाळूत चुना आहे किंवा नाही, हे अवश्य पाहावे. धार जिल्ह्यात बाघच्या परिसरात चुनखडकाचे थर आहेत. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्राचे पाणी शिरले होते, त्या काळचे हे थर असून त्यांत सागरी जीवांचे अवशेष सापडतात. अशा भागातील ओढ्यांच्या वाळूत चुनखडीचे कण असण्याचा संभव असतो. काळ्या जमिनीतून वाहणाऱ्या नाल्यांच्या वाळूतही चुनखडे मिसळलेले आढळतात. हा चुना पाण्यात विरघळून पाणी जड करतो. परीक्षा सोपी आहे. चमचाभर कोरड्या वाळूवर लिंबाचा रस किंवा शिरका टाकावा. फसफसून बुडबुडे आले, तर चुना आहे असे समजावे व ती वाळू टाकीसाठी घेऊ नये.

निवडलेली वाळू बादलीत घेऊन हाताने ढवळावी व गढूळ पाणी ओतून द्यावे. वरचे पाणी नितळ दिसेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. साबण वा सोडा मुळीच वापरू नये. टाकी भरल्यावर लगेच पुष्कळ मासे सोडण्याची घाई करू नये. वाळूवर उपकारक जंतूंची वस्ती होण्यास काही आठवडे लागतात. प्रथम गप्पीसारखे काटक मासे थोड्या संख्येने सोडावेत. डासांच्या अळ्या खाणारा हा मासा आरोग्याचा पाठ शिकविण्यासही उपयोगी पडतो.

देवासच्या नळीचे गणित

आता चौकोनी टाकीकडून गोल नळीकडे वळू. देवास गाळणीची नळी १४० मिलिमीटर व्यासाची व १.२ मीटर लांबीची असते. तिचे तीन कप्पे असतात. पहिल्या कप्प्यात २ ते ६ मिलिमीटरचे, दुसऱ्यात ६ ते १२ मिलिमीटरचे आणि तिसऱ्यात १२ ते २० मिलिमीटरचे गोटे असतात. पाणी बाहेर पडते त्या तोंडास जाळी असते. सुरुवातीच्या काळात अशा एका गाळणीस सुमारे ६०० रुपये खर्च येत असे.

गोल नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ म्हणजे २२/७ गुणिले त्रिज्येचा वर्ग. व्यास १४ सेंटिमीटर, म्हणून त्रिज्या ७.

२२/७ × ७ × ७ = १५४ चौरस सेंटिमीटर.
१५४ × १२० = १८,४८० घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १८.५ लिटर.

पण येथे एक ठेच लागते. १४० मिलिमीटर हा नळीचा बाहेरचा व्यास होय. नळीच्या भिंतीची जाडी वगळून आतला व्यास मोजला व तो १३ सेंटिमीटर भरला, तर त्रिज्या ६.५ होते आणि घनफळ सुमारे १५.९ लिटर. एका सेंटिमीटरच्या फरकाने अडीच लिटर गोटे कमी झाले. त्रिज्येचा वर्ग होत असल्याने लहानशी चूकही मोठी होते. म्हणून पट्टी नेहमी नळीच्या आत लावावी. कप्पे समान धरले, तर दर कप्प्यास ५.३ लिटर, म्हणजे दीड किलोच्या दराने सुमारे ८ किलो गोटे लागतील. एकूण २४ किलो.

तिन्ही आकारांचे गोटे वेगवेगळे का मोजावयाचे? एकत्र मिसळून १५.९ लिटर का भरू नयेत? याचे उत्तर स्वयंपाकघरात मिळते. एक वाटी हरभरे व एक वाटी मोहरी एकत्र केली, तर दोन वाट्या भरत नाहीत. मोहरी हरभऱ्यांच्या फटींत जाऊन बसते. गोट्यांचेही तसेच होते. मिश्रण केल्यास माप कमी पडते, शिवाय फटी बुजून पाणी तुंबते. म्हणून दर आकाराचे गोटे वेगळे चाळावेत, वेगळे मोजावेत आणि जाळी लावून वेगळे ठेवावेत.

नळी आडवी बसविल्यास गोटे काठोकाठ भरणे विशेष महत्त्वाचे असते. ते खाली बसून वरच्या अंगास पोकळी राहिली, तर पाणी गोट्यांतून न जाता त्या मोकळ्या वाटेने निघून जाते. गाळणी आहे, परंतु गाळणे होत नाही, अशी स्थिती होते. भरताना नळी उभी धरून हलके ठोकावी व खाली बसलेल्या गोट्यांवर आणखी गोटे घालावेत.

इतक्या थोड्या गोट्यांवर केवढी जबाबदारी असते, हेही पाहण्यासारखे आहे. माळव्याच्या या भागात वर्षास साधारण ९०० ते १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटर छतावर ९०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ९०,००० लिटर पाणी. त्यातील पाचवा हिस्सा उडून वा वाहून गेला असे धरले, तरी ७२,००० लिटर उरते. हे सारे पाणी १६ लिटर गोट्यांतून जाते. गोटे कमी भरले अथवा धुतले नाहीत, तर ७२,००० लिटरबरोबर छतावरचा पालापाचोळा व माती कूपनलिकेत उतरते, आणि एकदा गाळाने भरलेली कूपनलिका पूर्ववत करणे सोपे नसते.

या गाळणीची मर्यादाही ध्यानात घ्यावी. ती कचरा अडविते, रोगजंतू मारीत नाही. आल्टोनात पटकी रोखली ती बारीक वाळूच्या जाड थराने आणि त्यावर जमणाऱ्या सजीव थराने, तेही पाणी अत्यंत सावकाश झिरपू देऊन. गोट्यांच्या नळीतून पाणी वेगाने जाते. म्हणून पावसाळ्यापूर्वी छत झाडून धुवावे, पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडून द्यावे, गोटे काढून धुवावेत आणि पिण्याचे पाणी क्लोरीन घालून किंवा उकळूनच वापरावे.

मोजल्यापेक्षा अधिक आणू नये

वाळू नदीत फुकट पडलेली असते, ही समजूत आता सोडली पाहिजे. कायद्याने वाळू हे गौण खनिज आहे व ती उचलण्यास शासनाची परवानगी लागते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वाळू हेच नदीचे पोट होय. मापाच्या भांड्यात पाहिलेली ३५ ते ४० टक्के पोकळी नदीच्या पात्रातही असते. देवास जिल्ह्यातील नेमावर अथवा धार जिल्ह्यातील धरमपुरी येथील नर्मदेच्या वाळूत उन्हाळ्यातही हाताने उकरताच पाणी लागते, ते याच पोकळीमुळे. एक घनमीटर वाळू उचलली, तर तीनशे ते चारशे लिटर पाण्याची साठवण जागा उचलली गेली, असे समजावे.

बाजारात वाळू ब्रासने विकली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २,८३० लिटर. शाळेच्या टाकीस लागतात १० लिटर. एका ब्रासमध्ये अशा २८३ टाक्या भरतील. गावात कोणाचे बांधकाम चालू असेल, तर तेथील एक बादली वाळू मागून शाळेचे काम होते.

वर्गात करून पाहण्यासारखी उदाहरणे

१. ५० सेंमी लांब व २८ सेंमी रुंद टाकीत पुढे २ सेंमी व मागे ६ सेंमी जाडीचा उतरता थर द्यावयाचा आहे. वाळू किती लिटर व किती किलो लागेल?

२. वरील वाळू दमट असून तिचा फुगवटा २० टक्के आहे. मापाने किती लिटर घ्यावी?

३. ५६ सेंमी आतील व्यासाच्या पिंपात ४० सेंमी जाडीचा वाळूचा थर असलेली गाळणी करावयाची आहे. वाळू किती लागेल? हे पिंप लाकडी फळीवर ठेवणे योग्य होईल काय?

४. आपल्या शाळेच्या छताचे क्षेत्रफळ मोजा. १० मिलिमीटर पाऊस पडल्यास त्यावर किती लिटर पाणी पडेल?

उत्तरे : (१) सरासरी जाडी ४ सेंमी, ५.६ लिटर, सुमारे ९ किलो. (२) ६.७२ लिटर. (३) ९८.५६ लिटर, सुमारे १५८ किलो; केवळ वाळूचेच ओझे एवढे असल्याने पिंप पक्क्या ओट्यावरच ठेवावे. (४) छताचे जितके चौरस मीटर, त्याच्या दसपट लिटर.

चौथ्या उदाहरणाचे उत्तर फळ्यावर लिहून ठेवावे आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर विद्यार्थ्यांना छताच्या पन्हळीखाली उभे करून ते पाणी कोठे जाते, हे पाहावयास सांगावे. धारच्या जुन्या लोकांनी असे पाणी अडविले म्हणून तलाव झाले. देवासने ते वाहू दिले तेव्हा आगगाडी बोलवावी लागली, आणि नंतर घरोघर नळीत गोटे मोजून भरावे लागले. पट्टी, तराजू व लिटरचे माप एवढी सामग्री प्रत्येक शाळेत असते. वर्गातील काचेच्या टाकीपासून हा पाठ सुरू करावा व तो शाळेच्या छतापर्यंत न्यावा.